खालचा बोल्ट

धाकट्या मिस्त्रीची पन्नाशी उलटून गेली होती आणि डोक्यावर नावापुरते केस उरले होते, तरी गॅरेजात आणि गॅरेजाबाहेर सगळे त्याला धाकटा मिस्त्रीच म्हणत. मोठे मिस्त्री, म्हणजे त्याचे वडील अण्णा, जोवर हिंडत-फिरत होते तोवर यात बदल होणार नव्हता. हे त्यानं केव्हाच पचवलं होतं. "धाकटा आहे का?" असं विचारत त्याच्याहून लहान गिऱ्हाइकं आत शिरत आणि हा निमूटपणे हात पुसत पुढे होई.

कामात मात्र त्याला कुणी धाकटा म्हटलं नसतं. त्याच्या कानाचा दबदबा होता. गिऱ्हाईक गाडीचं रडगाणं गाऊ लागलं की तो हात वर करून त्याला गप्प करी. "तुम्ही नका सांगू. तिला सांगू द्या." मग बॉनेट उघडायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. थोड्या वेळानं तो दुखण्याचं नाव घेई आणि उघडून पाहिलं की तेच निघे. सगळे कौतुक करायला लागले की माणूस शेफारतो, तसा तोही शेफारला होता. गाड्यांचं ऐकता ऐकता माणसांचं पुरतं ऐकून घ्यायची त्याची सवयच मोडली होती. त्याची बायको म्हणे, "तुमच्याशी बोलायचं तर आधी कपाळाला बॉनेट बांधायला हवं."

त्यामुळे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घराच्या वर राहणाऱ्या मास्तरांचा फोन आला तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, तुमच्या वडिलांची गाडी सुरू होते की कुणाचा गळा कापतात?" मास्तर निवृत्त झाले होते, पण वर्गात बोलल्यासारखं बोलायची सवय गेली नव्हती. "रोज सकाळी तेच. आख्खी गल्ली दचकते. तुमची बहीण बिचारी हातातलं टाकून धावत सुटते दर वेळी. आणि तुम्ही म्हणे गाड्यांचे मोठे जाणकार."

शेवटचं वाक्य धाकट्याला झोंबलं. त्याच्या आधीचं त्यानं ऐकलं, पण त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा तेवढाच लावला. ताई लाजेनं धावत असणार. मिस्त्रीच्या घरची गाडी आणि असा तमाशा! नाक कापायचंच बाकी राहिलं होतं.

अण्णा ताईकडे राहत होते, कारण ताईचं घर तळमजल्यावर होतं आणि धाकट्याकडे जिने चढावे लागत. आई जाऊन बराच काळ लोटला होता. ताईचा नवराही नव्हता आता. ती मागच्या खोलीत बसून गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. जाड रेक्झिन आणि कातडं शिवायचं मशीन म्हणजे घरातलं साधं शिलाई मशीन नव्हे. ते सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरत आणि त्या खोलीत हाक मारून काही उपयोग नसे. माणसानं समोर जाऊन हातवारे करायचे.

आणि अण्णा विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं गेली, मग जेवलो की नाही ते, मग गॅरेज आता जुन्या जागी नाही हे. जुनं गॅरेज कधीच पाडलं गेलं होतं. तिथून आता एक रुंद रस्ता गेला होता, भरधाव वाहनांचा, आणि धाकट्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी शेड घेतली होती. पण अण्णांना सकाळी उठल्यावर वाटे की गॅरेज उघडायला उशीर झाला. मग ते बूट घालत आणि गाडीकडे निघत. एकदा ते बरेच लांब पोचले होते. चौकात उभ्या असलेल्या पोलिसानं त्यांना परत आणून सोडलं. तेव्हापासून ताईचा जीव टांगणीला लागला होता.

"तू ती गाडी तुझ्याकडे घेऊन जा," ती धाकट्याला फोनवर म्हणाली होती. "किल्ली लपवून काही होत नाही. दोन वायरी जोडतात आणि निघतात. विसरले असतील सगळं, हे नाही विसरले."

"आणि त्यांचं काय उरेल मग? स्टिअरिंग काढून घेतलंस तर खाटेला खिळतील ते."

"त्यांना काही झालं म्हणजे?"

"अगं, अण्णा आहेत ते. झोपेत गाडी चालवतील."

"तू ऐकशील का जरा? मी काय म्हणते—"

"ताई, गिऱ्हाईक आहे समोर," असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता. गिऱ्हाईक खरंच होतं, पण त्याला काही घाई नव्हती.

सुट्टीच्या दिवशी धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन ताईकडे गेला. गाडीचं काम करायचंय हे तो बोलला नाही. अचानक करून दाखवायचं त्याच्या मनात होतं. ताई शिवलेल्या कव्हरांचे गठ्ठे बांधत होती.

"बरं झालं आलास. मी हे पोचवून येते. अण्णांना एकटं सोडवत नाही, म्हणून दोन दिवस पडून आहे हे सगळं. आणि हे बघ, आल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय. गाडीचंच."

"बोलू, बोलू. तू जा."

गाडी घेऊन जा म्हणून पुन्हा तीच टकळी लावणार, हे त्याला ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटलं.

ती गेल्यावर त्यानं अण्णांना हाताला धरून अंगणात आणलं. अण्णा त्या दिवशी छान होते. त्यांनी दाढी केली होती, एका गालावरची राहून गेली होती. मुलाच्या हातातली पिशवी पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"काम आहे का?"

"आहे. बसा आत, आणि मी सांगितलं की किल्ली फिरवा."

अण्णा ड्रायव्हरच्या जागी बसले. तिथे बसले की ते पुन्हा मोठे मिस्त्री व्हायचे, पाठ ताठ व्हायची, हात आपोआप जागेवर जायचे. हे पाहिलं की धाकट्याला वाटायचं, ताई उगाच घाबरते. असा माणूस कुठे हरवेल?

"फिरवा."

आवाज झाला. मास्तर अगदीच अतिशयोक्ती करत नव्हते. लोखंडावर लोखंड खरवडत किंकाळी उठली आणि इंजिन लागताच तुटली. मागच्या भिंतीवरची कबुतरं उडून गेली. धाकट्यानं दात आवळले, मग डोळे मिटले.

पट्टा नव्हे. पट्टा ओरडतो तो इंजिन लागल्यावरही कुरकुरत राहतो. सायलेन्सर फुटलेला नव्हे, त्याचा आवाज भसाडा असतो आणि गाडीबरोबर चालत राहतो. हा आवाज फक्त किल्ली फिरलेली असताना होता. म्हणजे स्टार्टर. स्टार्टरचं छोटं चाक इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दातांत नीट बसत नव्हतं, तिरकं घासत होतं. त्यानं खात्रीसाठी अण्णांना पुन्हा एकदा किल्ली फिरवायला लावली आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. शंकाच नव्हती.

"स्टार्टर," तो म्हणाला.

"स्टार्टरच," अण्णा आतून म्हणाले, जणू मुलाची परीक्षा घेत होते.

त्यानं बॅटरीची तार सोडवली, गाडी जॅकवर चढवली, खाली फळकूट अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेला. स्टार्टर दोन बोल्टांवर बसलेला होता. वरचा घट्ट होता. खालच्याला त्यानं पाना लावला आणि त्याचा हात थांबला. बोल्ट सैल होता, पूर्ण सैल नाही, थोडासा. आणि त्यावर पांढरी खूण होती.

ही खूण गॅरेजात कायद्यासारखी होती. अण्णा एखादा बोल्ट स्वतः बसवत, तेव्हा बारीक कुंचल्यानं त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढत. अर्धी बोल्टाच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ सरळ असेल तर बोल्ट अण्णांनी ठेवला तिथेच आहे. रेघ मोडली असेल तर तो हलला आहे. आणि रेघ असलेल्या बोल्टाला अण्णांना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. एका जुन्या, चांगल्या कारागिराला त्यांनी या एका चुकीपायी घरी बसवलं होतं. धाकट्यानं गॅरेज ताब्यात घेतलं, दुसरीकडे नेलं, हत्यारं बदलली, पण पांढऱ्या रेघेला त्यानं आजवर हात लावला नव्हता.

ही रेघ सरळ होती. रंग ताजा होता, जुना पिवळटलेला नव्हे. म्हणजे बोल्ट आपोआप ढिला झाला नव्हता. तो असाच ठेवला होता.

दुसऱ्या कुठल्या गाडीखाली धाकटा असता, तर तो इथे थांबला असता आणि स्वतःला विचारलं असतं, असं कुणी का करील? हेच तर त्याचं काम होतं. पण ही अण्णांची गाडी होती आणि अण्णांना परवा स्वतःच्या मुलीचं नाव आठवलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं घट्ट करायला घेतला असेल, मधेच विसरला असेल, आणि सवयीनं रेघ ओढून मोकळा झाला असेल. हे मनात आलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठीवर पडलेल्या माणसाचं पाणी कानात जातं, तसं ते गेलं.

त्यानं बोल्ट काढला. बोल्टाखाली कातड्याची चकती निघाली. जाड, तपकिरी कातड्याचा नीट गोल कापलेला तुकडा, मधे भोक. लोखंडी वॉशरच्या जागी कातडं! हे कसलं शास्त्र? त्यानं ती चकती बोटांनी फिरवून पाहिली, मान हलवली आणि खिशात टाकली.

"अण्णा, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

अण्णा गाडीतून उतरून कधी बाजूला येऊन उभे राहिले होते ते त्याला कळलं नव्हतं. त्याला त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

"खालच्याला हात लावू नकोस," अण्णा म्हणाले.

"सैल आहे तो."

"खूण आहे ना त्याच्यावर?"

"आहे. पण सैल आहे."

"खूण आहे, मग?" अण्णांचा आवाज चढला. "खूण असली की हात लावायचा नाही. किती वेळा सांगायचं?"

"बरं, का सैल ठेवलाय, ते सांगा. मी तसाच ठेवतो."

बूट स्थिर राहिले. धाकटा वाट पाहत होता. हे मात्र खरं, की त्यानं वाट पाहिली. वर उभा असलेला म्हातारा काहीतरी शोधत होता, हे त्याच्या श्वासावरून कळत होतं. "ते... ते आहे," अण्णा म्हणाले. "ते मी केलंय." मग पुन्हा, अगदी हळू, "मी केलंय ते. विचार करून केलंय."

"काय विचार करून?"

बूट वळले आणि पायरीपाशी जाऊन थांबले. धाकट्यानं लोखंडी वॉशर घातला, बोल्ट पुरता आवळला, पांढरी रेघ रॉकेलच्या फडक्यानं पुसून काढली आणि तिथे आपली पिवळी रेघ ओढली. पिवळा त्याचा रंग होता. अण्णांच्या रेघेवर तो आयुष्यात पहिल्यांदाच उमटला.

बाहेर येऊन त्यानं तार जोडली. "बसा. फिरवा आता."

गाडी सुरू झाली. किंकाळी नाही की खरवड नाही. सीटवर बसलेल्या माणसाला नुसती थरथर जाणवावी, इतकंच.

अण्णांनी ती बंद केली आणि पुन्हा सुरू केली. मान तिरकी करून ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. तो कशाबद्दल होता हेही बहुधा त्याच्याबरोबर गेलं होतं.

"कुणी केलं हे?"

"मी."

"शाबास," अण्णा म्हणाले. "एकदम शाबास. हाताला गुण आहे तुझ्या."

आजवर त्यांच्या तोंडून धाकट्याच्या वाट्याला 'बरं आहे'च्या पुढे काही आलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला तो माणूस अंगणात काळ्या हातांनी उभा राहिला.

ताई परतली तेव्हा पिशवी आवरून झाली होती. ती दमली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. तिच्या हातात नव्या कातड्याचं भेंडोळं होतं. मोठं काम मिळालं होतं, उद्यापासून बसायचं होतं.

"बस ना. गाडीचं बोलायचं होतं."

"गाडीची काळजी सोड आता," तो म्हणाला. "उद्या तुला एक गंमत कळेल. कळली की फोन कर, मग बोलू हवं तेवढं."

"कसली गंमत?"

"सांगितली तर गंमत कसली?"

ताई हसली. लहानपणी तो कुठूनतरी कैऱ्या चोरून आणायचा आणि तिच्या उशीखाली ठेवायचा, तशीच काहीतरी वस्तू त्यानं घरात ठेवली असेल असं तिला वाटलं. तो गेल्यावर तिनं फडताळात पाहिलं म्हणे, उशीखालीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून धाकट्याचं एक लक्ष फोनकडे होतं. गॅरेजात तो कारण नसताना खुशीत होता. एका गिऱ्हाइकाचं रडगाणं त्यानं चक्क शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फोन वाजला तेव्हा त्यानं हात पुसले नाहीत, तसाच उचलला.

"कळली का गंमत?"

"अण्णा नाहीत रे घरात," ताई म्हणाली. "गाडी पण नाही."

ती मागच्या खोलीत मशीनवर होती. काही ऐकू आलं नाही, ती परत परत सांगत होती, मला काही ऐकूच आलं नाही. कुठे गेले असतील हे त्याला लगेच कळलं. तो निघाला.

रुंद रस्त्यावर वाहनं तुंबली होती. त्यानं आपली गाडी लांबच सोडली आणि पळत गेला. जिथे कधीकाळी गॅरेजचं दार होतं, बरोबर तिथे, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात अण्णांची गाडी उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि दांडीवर नीट टेकवलेलं होतं. हत्यारांचं फडकं बाजूला घडी करून ठेवलं होतं. अण्णा सकाळी गॅरेजात पोचले होते आणि कामाला लागले होते.

मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर कडेला डोकं धरून बसला होता. "वाकला होता हो म्हातारा," तो येईल त्याला सांगत होता. "मी चुकवली गाडी. गाडी चुकवली मी. तो त्याच वेळी मागे सरला. मी हॉर्न किती वाजवला, किती वाजवला."

कुणीतरी अण्णांवर चादर घातली होती. बूट बाहेर राहिले होते.

गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. पोलिसानं सगळं टिपून घेतलं आणि रस्ता मोकळा करायला हवा म्हणून धाकट्याला ती बाजूला घ्यायला सांगितली. तो अण्णांच्या जागी बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. आसपासच्या लोकांपैकी कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. मास्तर आले, हात जोडून उभे राहिले आणि गेले. एका दुपारी घर रिकामं झालं. ताई आणि धाकटा टेबलाशी समोरासमोर बसले होते. चहा निवला होता. ताईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती बोलू लागली तेव्हा ती त्याच्याशी बोलतेय की स्वतःशी, हे आधी त्याला कळलं नाही.

"डॉक्टरांनी सांगितलं ना, की हे वाढत जाणार, त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, कातडं आहे का जाडसं? मग त्या गाडीखाली शिरले. त्या वयात! किती वेळ खटपट चालली होती. बाहेर आले ते तेलानं काळे झालेले, पण खुशीत. म्हणाले, जा, मशीन सुरू कर आणि दार लाव. मी मशीन सुरू केलं. त्यांनी गाडी सुरू केली. मला काही ऐकू आलं नाही. पुन्हा गाडीखाली. पुन्हा मशीन. असं करता करता एकदा मशीनच्या आवाजाच्याही वर ती किंकाळी आली. दचकून सुईखाली बोट गेलं असतं माझं. मी धावत बाहेर आले तर हे हसतायत."

धाकट्यानं निवलेला कप बाजूला सरकवला.

"मला म्हणाले, ही आता अशीच ओरडेल. उद्या मी सगळं विसरलो तरी ही विसरणार नाही. आवाज आला की तू धावत यायचं. मला रागवायचं नाही. शेजारी येऊन बसायचं, एक चक्कर मारून घरी आणायचं." तिनं पदरानं डोळे टिपले. "रोज तेच करत होते रे मी. रोज. आवाज आला की हातातलं टाकायचं आणि पळायचं. मी त्यांना म्हटलं, त्याला सांगून ठेवूया. नको म्हणाले. त्याला कळलं तर तो गाडीच काढून घेईल, आणि मला अजून थोडे दिवस हवीय. मग मी म्हटलं, पण हा आवाज ऐकून त्यानं दुरुस्त केलं तर? तो आवाज ऐकून गप्प बसणाऱ्यातला आहे का?"

ती थांबली.

"मग?" त्यानं विचारलं.

"हसले. म्हणाले, तो नाही हात लावणार. माझी खूण आहे त्याच्यावर."

बाहेर कुणाची तरी गाडी गेली. धाकट्यानं ती ऐकली. कुठली आहे, तिचं काय दुखतंय, हे त्याच्या कानांनी त्याला न विचारता सांगून टाकलं.

"तरी मी तुला सांगणारच होते," ताई म्हणाली. "त्या दिवशी म्हटलंसुद्धा, गाडीचं बोलायचंय. तू घाईत होतास." तिनं मान वर केली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मला एक कळत नाही रे. त्या सकाळी ती ओरडली का नाही? मशीन रोजचंच होतं. दार रोजचंच होतं. आणि मी फोन केला तेव्हा तू विचारलंस, कळली का गंमत. कुठली गंमत होती ती?"

उत्तर तिला ठाऊक असावं. तरी तिनं विचारलं, आणि वाटही पाहिली. अंगणात वर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासाठी तो जेवढा थांबला होता, त्याहून कितीतरी जास्त वेळ ती थांबली. त्याला सांगायचं होतं. अण्णांची खूण मी पुसली. विचार करून केलंय म्हणाले होते ते, आणि मी पुढे ऐकलं नाही. त्यांनी मला शाबास म्हटलं. त्याऐवजी त्यानं खिशात हात घातला आणि कातड्याची चकती काढून टेबलावर ठेवली.

ताईनं ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. कडेवरून अंगठा फिरवला.

"माझ्याच कात्रीची आहे," ती म्हणाली. "मीच कापून दिली होती."

ती रडली नाही, ओरडली नाही. चकती मुठीत धरून ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. टेबलावरचे कप थरथरायला लागले.

"ताई," त्यानं हाक मारली.

मग तो उठला, दारापाशी गेला आणि मोठ्यानं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. मशीन चालूच होतं, तिला काही ऐकू गेलं नाही.